चर्चगेटला उतरून चालणारे नक्की कुठल्या रकान्यात?

सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चगेटला गाडी लागली की मिनिटभरात डबे रिकामे, सगळी गर्दी सबवेत आणि पलीकडून वर आली की कितीतरी लोक सरळ चालायलाच लागतात, कोणी मंत्रालय कोणी नरिमन पॉइंट. शेअर टॅक्सीची लाइन असते समोर, पण तिच्यात नंबर लागेपर्यंत चालणारा अर्ध्या वाटेवर पोचलेला असतो. मी पण चार वर्षं हेच केलं, पायात चप्पल आणि बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

आता गंमत बघा, आमच्यापैकी एकही जण कागदावर 'पायी कामाला जाणारा' नाही. २०११ च्या जनगणनेत विचारलं की कामाला कसे जाता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून जे साधारण २० कोटी कामगार होते त्यात पायी जाणारे साडेचार कोटींच्या आसपास निघाले, म्हणजे सायकल, टू व्हीलर, बस यातल्या कुठल्याही एकापेक्षा जास्त, आणि ट्रेनवाले जेमतेम ७० लाख. पण एका माणसाला रकाना एकच, त्यामुळे रोज येऊन जाऊन तीन किलोमीटर तुडवणारा विरारकर ट्रेनमध्ये गेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे ट्रेंड काढायचा तर नंतरचा आकडाच नाही हातात.

अमेरिकेत असे आकडे आहेत. तिथे १९८० मध्ये ५.६ टक्के लोक चालत कामाला जायचे, २०१२ पर्यंत ते २.८ टक्क्यांवर आलं, बरोब्बर निम्मं. (तिथल्या फॉर्मवरही ज्या वाहनाने सगळ्यात जास्त अंतर जाता तेच लिहायचं असतं, तेव्हा स्टेशनपर्यंतचं चालणं तिकडेही गायब.)

लोक आळशी झाले म्हणून हे होतं असं म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक मुद्दा मांडला होता, की माणूस कुठल्याही काळातला असो, दिवसाला प्रवासावर साधारण तासभरच घालवतो. ताशी ५ किलोमीटर चालणार म्हटलं तर अर्धा तास जायला अर्धा यायला, म्हणजे अडीच किलोमीटरच्या पलीकडे काम असून चालत नाही, आणि जुनी शहरं साधारण तेवढीच असायची. मग रेल्वे आली, मोटार आली, तास तोच राहिला पण घर लांब गेलं. मुंबईकराने तर तो तासही कधीच ओलांडलाय म्हणा.

बरं, ताशी ५ च का? तर चालताना आपण उलटा लंबक असतो. टेकलेल्या पायावरून अंग वर चढतं, मग पुढे कलंडतं आणि त्या पडण्यातूनच पुढच्या पावलाला वेग मिळतो. नेहमीच्या वेगात यातली साधारण ६५ टक्के ऊर्जा अशी परत वापरली जाते, फार हळू किंवा फार भरभर चाललं की ही बचत कमी होते. म्हणूनच फुटपाथवर मध्येच स्टॉल, मध्येच खड्डा, थांब, वळ, परत चाल, यात अंतर थोडं असूनही पाय जास्त भरून येतात.

गर्दीचंही एक संशोधन आहे, २००९ मध्ये छापलेलं. भारतात आणि जर्मनीत लोकांना एका रांगेत गोल चालायला लावलं आणि हळूहळू माणसं वाढवत नेली. जर्मन लवकर स्लो झाले, आपले लोक पुढच्याच्या पाठीला चिकटूनही बऱ्यापैकी वेगात चालत राहिले. दादरचा पूल रोज ओलांडणाऱ्याला यात नवीन काहीच वाटणार नाही.

जुलैत मात्र हे सगळं कौशल्य धुऊन जातं. सबवेच्या पायऱ्या चढता चढता पहिला माणूस तोंडाशीच थांबून छत्री उघडतो, आणि मागची सगळी रांग खाली उभी.