पुण्याच्या सोसायट्यांत जड पाणी आलं कुठून?

बाणेर, वाघोली, उंड्री, पिसोळी या पुण्याच्या कडेच्या भागांत राहायला आलेल्या माणसाची आधी ओळख होते ती प्लंबरशी. शॉवरची भोकं बुजलेली, गीझरच्या कॉइलवर पांढरं पुट, नळाच्या तोंडाची जाळी क्षारांनी चोंदलेली, साबणाला फेस नाही आणि तूरडाळ चार शिट्ट्या होऊनही अख्खी. ही सगळी जड पाण्याची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या पाण्याची लक्षणं. सदाशिव पेठेतल्या मावशींना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही, कारण त्यांच्या नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी असलं काही करत नाही. दोघांचंही पुणे तेच. फरक आहे तो पाइपलाइन कुठपर्यंत पोचली याचा.

पुण्याच्या पाण्याची जुनी गोष्ट गोड्या पाण्याची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला ओढ्याचं पाणी अडवून ते जमिनीखालच्या नळानं शहरात आणलं. पंपाचा प्रश्नच नव्हता, सगळा उताराचा खेळ. वाटेत हवा सुटायला आणि गाळ काढायला उच्छ्वास ठेवले होते, आणि शेवटी पेठांमधले हौद. काळा हौद, फडके हौद ही नावं पत्त्यांत अजून टिकून आहेत. पुढे इंग्रजी अमदानीत, 1870 च्या दशकात, कॅप्टन फाइफ यांच्या योजनेनुसार मुठेवर खडकवासला धरण झालं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं, आणि नळ कोरडे पडल्यावर लोक पुन्हा वाड्यांतल्या आडांकडे आणि जुन्या हौदांकडे वळले. मग धरण पुन्हा उभं राहिलं, पानशेत-वरसगाव-टेमघरची साखळी झाली. हौद असो की धरण, पाणी होतं पावसाचंच. सह्याद्रीच्या उतारावरून ते झपाट्यानं जलाशयात येतं, खडकाशी फार वेळ घालवत नाही, म्हणून हलकं राहतं.

खडकात मुरलेल्या पाण्याचं तसं नसतं. पुण्याखाली आहे तो काळा पाषाण, बेसॉल्ट, आणि त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगाभेगांतून सावकाश उतरताना हे क्षार विरघळवून घेतं. जितका जास्त काळ खडकात, तितकं साधारणपणे जड. ते तापवलं की विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं. कॉइलवरचं पुट म्हणजे हेच.

पण हा खडक काही नव्यानं आलेला नाही. नवी आहे ती इतक्या खोल जाण्याची सवय. 1972 च्या दुष्काळानं महाराष्ट्राला बोअरची ओळख करून दिली; भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच वर्षीची. गावासाठी हातपंप हा जीव वाचवणारा उपाय होता, आणि त्यावर कुणी पाणी जड आहे म्हणून तक्रार केली नाही. पुढे तेच तंत्र शहराच्या कडेला बिल्डरांच्या हाती आलं, आणि मग साडेसहा इंची भोक पाडून काही दिवसांत शेकडो फ्लॅटना पाणी दाखवता येऊ लागलं.

इथं हद्दीचा इतिहास येतो. 1997 मध्ये 38 गावं महापालिकेत आली (त्यांतली काही पुढे वगळलीही), 2017 मध्ये 11, 2021 मध्ये आणखी 23. इमारती बहुतेक ठिकाणी आधी, गाव हद्दीत नंतर आणि पाइपलाइन त्याच्याही नंतर, असा क्रम राहिला. मधला काळ निभावायला बिल्डरकडून हमीपत्र घ्यायची पद्धत पडली: महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी देईन. कसलं पाणी, किती जड, हे त्या कागदावर ठळकपणे क्वचितच दिसतं. माझ्या मते जड पाण्याचं खरं मूळ खडकात कमी आणि या हमीपत्रात जास्त आहे.

परिणाम अंडरग्राउंड टाकीत पाहायचा. एका बाजूनं पालिकेची लाइन, दुसरीकडून बोअर, तिसरीकडून टँकरचा जाड पाइप, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे वॉचमनलाही ठाऊक नसतं. सगळं एकत्र होऊन वर चढतं. त्यामुळे ऑगस्टचं पाणी आणि मेचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि ताबा देताना दाखवलेला एकच प्रयोगशाळेचा अहवाल तेवढा वर्षानुवर्षं फायलीत.

अहवालावर 'मर्यादेत' असं लिहिलेलं असतं, तेही नीट वाचायला हवं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक 10500 नुसार एकूण कठीणपणा, म्हणजेच पाण्याचा जडपणा, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. 600 ची मर्यादा दुसरा स्रोतच नसेल तेव्हाची. 550 चं पाणी देऊन 'मर्यादेत' म्हणणं म्हणजे ती अट बोटाखाली झाकणं.

सोसायटीच्या सभेत हमखास होणारा घोळ आणखी वेगळा. सॉफ्टनर, म्हणजे पाणी हलकं करणारं यंत्र, बसवला, लाखभर खर्च झाला, आणि कुणीतरी टीडीएसचं (विरघळलेले एकूण क्षार मोजणारं) पेन बुडवून ओरडतो की आकडा तेवढाच आहे. तो तेवढाच राहणार. सॉफ्टनरमधलं रेझिन, म्हणजे आतले बारीक मणी, कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. विरघळलेल्या क्षारांची बेरीज जवळपास तीच. कठीणपणा मोजायचा तर थेंबांचं किट लागतं: नमुन्यात रंगद्रव्य टाकलं की तो लालसर होतो, मग एकेक थेंब मोजत घालायचे आणि तो निळा झाला की थांबायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण पेन खिशात मावतं.

आणि जड म्हणजे घातक नव्हे. कठीणपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्याच्या कारणानं मर्यादा घातलेली नाही. घातक पाणी बऱ्याचदा दिसायला स्वच्छ, चवीला छान असतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. ही गावं खडकवासला धरणाच्या जवळची. शेजारी धरण, पण गाळून-शुद्ध होऊन पाणी घरी येण्याची सोय तेव्हा अपुरी होती. गीझरच्या पुटावर तासभर बोलणाऱ्या कमिट्यांनी जीवाणूंची आणि नायट्रेटची तपासणी शेवटची कधी झाली, हे आधी विचारायला हवं.

सॉफ्टनरचीही एक बाजू बोलली जात नाही. रेझिन पुन्हा कामाला लावायला मिठाचं पाणी सोडावं लागतं, आणि पोती-पोती मीठ संपतं. ते खारं पाणी बहुतेक ठिकाणी एसटीपीत, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्लांटमध्ये, आणि तिथून बागेच्या पाइपला जातं. सोडियमनं काळी माती घट्ट होते, लॉन पिवळं पडतं, माळी खत वाढवतो. या खाऱ्या पाण्याची (बॅकवॉशची) लाइन वेगळी काढली तर हे टळतं, पण तशी लाइन मूळ नकाशात फार थोड्या इमारतींत असते, आणि नंतर काढायची तर पार्किंगचं काँक्रीट फोडावं लागतं.