सोनं थंड, काच गरम

झवेरी बाजारात जुन्या बांगडीचा टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायला ती क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवली की कुणीतरी हमखास विचारतं, "किरणांनी सोनं जळत नाही ना?" नाही जळत. क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात, रिकाम्या जागी वरच्या कक्षेतला उतरतो आणि त्या मूलद्रव्याच्या ओळखीचा क्ष-किरण बाहेर पडतो. यंत्र तो मोजतं. बांगडी कोमटसुद्धा होत नाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या दगड-धातूंतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रात मात्र तापण्याची ही भीती खरी ठरते, सोन्यासाठी नाही तरी काचेसाठी. रेमों कास्तँ यांनी १९५१ साली पॅरिसमध्ये प्रबंधात मांडलेल्या या तंत्रात नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात आणि बाहेर पडणारे क्ष-किरण मोजतात. १५ किलोव्होल्ट, २० नॅनोॲम्पिअर, म्हणजे शक्ती जेमतेम ०.३ मिलिवॅट. पण ती एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, ठिपक्यावर एकवटली की तिथली तीव्रता भर उन्हाच्या साडेतीन लाख पटींहून जास्त होते. यातल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. कास्तँच्या तापमानवाढीच्या सूत्रानं हिशेब केला तर सोनं अर्धा अंशही तापत नाही, कारण धातूत उष्णता लगेच पसरते. काचेचं तापमान त्याच झोताखाली सुमारे १४० अंशांनी चढतं.

आणि मग सोडियम पळतो! मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारख्या बसाल्टमधली, लाव्हा झटकन थंड होऊन बनलेली काच घ्या. झोतातले इलेक्ट्रॉन एक-दोन मायक्रॉन खोल जाऊन अडकतात. काच वीजवाहक नसल्यानं तिथे ऋणभार साठतो. भार वाहून नेण्यासाठी वर कार्बनचा पातळ थर दिला तरी आतलं विद्युतक्षेत्र पुरतं जात नाही. सोडियमचा आयन धनभारित, छोटा, सैल बांधलेला. तो खाली ओढला जातो आणि उष्णतेमुळे त्याच्या उड्या सोप्या होतात. पडद्यावर काही सेकंदांत सोडियमचे आकडे घसरतात, सिलिकॉन-ॲल्युमिनियमचे किंचित चढतात. दगड तोच, उत्तर बदललेलं.

म्हणून सोडियम सर्वांत आधी मोजतात, घसरणीचा आलेख शून्य सेकंदापर्यंत मागे नेतात, झोत १० मायक्रॉन रुंद करतात. तेवढ्यानं तापमानवाढ दहापट उतरते. मुंबईच्या बसाल्टच्या पोकळ्यांतल्या झिओलाइट या पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजाला एवढंही पुरत नाही. त्यातलं पाणी निर्वातात आणि झोताखाली निघून जातं, म्हणून तिथे झोत आणखी रुंद, प्रवाह आणखी कमी ठेवावा लागतो.