अंगणवाडीचा खर्च कोणाचा? : पन्नास वर्षांच्या वाटणीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात आज सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. त्यांपैकी कोणत्याही एकीत मुलांना मिळणाऱ्या आहाराचा निम्मा खर्च केंद्र सरकार आणि निम्मा राज्य सरकार उचलते. सेविका व मदतनीस यांच्या मानधनाची वाटणी वेगळ्या प्रमाणात होते, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्या पगाराची आणखी वेगळ्या प्रमाणात, आणि इमारत असेल तर ती बहुधा तिसऱ्याच योजनेच्या निधीतून उभी राहिलेली असते. सहा वर्षांखालच्या बालकासाठी असलेली ही एकमेव व्यापक सरकारी सेवा इतक्या वाट्यांमध्ये का विभागली गेली, हे पाहिल्याशिवाय आहाराच्या दरांचे, मानधनाचे आणि रखडलेल्या देयकांचे वारंवार उद्भवणारे वाद समजत नाहीत.

सरकारी अंगणवाडीच्या कितीतरी आधी ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर (आजच्या पालघर जिल्ह्यात) तिची कल्पना प्रत्यक्षात आली होती. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे ध्यानात आल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, गाणी-गोष्टी, शंख-शिंपले, बिया आणि पाने यांच्या साहाय्याने शिकवणे अशा स्वरूपाचे ते काम होते. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तेथे कुरणशाळाही चालल्या. या सगळ्या प्रयोगाच्या केंद्रस्थानी शिक्षण होते आणि आहार व स्वच्छता त्याच्या अनुषंगाने आली होती. पुढे सरकारी योजनेत हा क्रम नेमका उलटला, आणि माझ्या मते त्याचे मुख्य कारण निधीच्या रचनेत आहे.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन दशके बालकल्याण हे मुख्यतः स्वयंसेवी संस्थांचे काम मानले गेले. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अनुदानावर गावोगावी बालवाड्या चालू लागल्या. १९७० च्या सुमारास विशेष पोषण कार्यक्रम आणि बालवाडी पोषण कार्यक्रम आले. मात्र लसीकरण एका खात्याकडे, आहार दुसऱ्याकडे आणि बालवाडी तिसऱ्याकडे असल्यामुळे एकाच बालकापर्यंत तिन्ही सेवा क्वचितच पोहोचत. २२ ऑगस्ट १९७४ रोजी स्वीकारलेल्या राष्ट्रीय बालधोरणाने मुले ही राष्ट्राची सर्वांत महत्त्वाची संपत्ती असल्याचे जाहीर केले, आणि त्याला प्रत्यक्ष रूप देण्यासाठी २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पहिल्या अंगणवाड्यांची संख्या ४,८९१ होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी बालकाला पुढील उपचारांसाठी पाठवणे), आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एकाच छताखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. महाराष्ट्रात त्याची सुरुवात अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि मुंबईतील धारावी येथून झाली.

पुढील पन्नास वर्षांची बीजे त्या आरंभीच्या रचनेतच होती. कर्मचारी, प्रशिक्षण, साहित्य आणि प्रशासन यांचा पूर्ण खर्च केंद्र सरकार करणार होते, तर पूरक आहाराचा खर्च राज्यांनी करायचा होता. सर्वांत मोठा आणि कधीही न थांबणारा खर्च आहाराचा असल्याने राज्याची आर्थिक स्थिती बिघडली की पहिली कात्री त्यालाच लागे. केंद्राने मंजूर केलेली अंगणवाडी उघडी आहे, सेविका हजर आहे, पण आहाराचा पुरवठा काही महिने बंद आहे, अशी स्थिती अनेक राज्यांत वारंवार येत असे आणि त्याबद्दल थेट जबाबदार कोण, हे ठरवता येत नसे.

दुसरे बीज मानधनाचे होते. सेविका ही गावातलीच, दिवसाचे काही तास सेवाभावाने काम करणारी स्त्री असेल, असे गृहीत धरण्यात आले होते. १९७५ मध्ये मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, मॅट्रिक न झालेल्या सेविकेला १०० रुपये आणि मदतनीसाला ३५ रुपये मिळत. या मोबदल्याला वेतनाचा दर्जा नसल्यामुळे वेतन आयोग, महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतन यांपैकी काहीही तिला लागू झाले नाही. देशभर लाखो केंद्रे उघडणे परवडले, त्याचे एक मोठे कारण हा स्वस्त श्रम होता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पुढे कामाच्या नोंदवह्या वाढल्या, सर्वेक्षणे आणि मोहिमा वाढल्या, तरी दर्जा बदलला नाही. २००६ मध्ये कर्नाटकातील अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पदधारक, म्हणजे सरकारी पदावरील कर्मचारी, नाहीत असा निर्णय दिला. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदेशीर हक्क असल्याचे मान्य केले. या दोन निर्णयांमधले अंतर सोळा वर्षांचे आहे.

धारणीकडे परत यायला हवे, कारण महाराष्ट्राच्या बालधोरणाला सर्वांत मोठा धक्का तेथूनच बसला. १९९२-९३ मध्ये, धारणी ज्या आदिवासी भागात येते त्या मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले. उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या आणि त्यांचे सत्र पुढे अनेक वर्षे चालू राहिले. योजनेचा राज्यातील पहिला प्रकल्प जेथे सुरू झाला, त्याच भागात दीड दशकानंतर मुले दगावत होती. याचा अर्थ अंगणवाडी निरुपयोगी होती असा काढणे चुकीचे ठरेल. त्या काळची अंगणवाडी मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या, चालत येऊ शकणाऱ्या मुलांना शिजवलेला आहार देत होती. वजन घटते ते त्याआधी, पहिल्या दोन वर्षांत, आणि त्या वयाच्या मुलाची आई तर रोजगार हमीच्या कामावर किंवा स्थलांतरावर असे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाने नवजात बालकाची काळजी घरातच घेऊन मृत्यू कमी करता येतात हे दाखवून दिले, आणि डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील बालमृत्यू मूल्यमापन समितीने २००४ मध्ये राज्यातील बालमृत्यूंची नोंद किती अपुरी होते हे सरकारपुढे मांडले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. त्याआधी मराठवाड्यात विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी कुपोषित मुलांचे वजन आणि कुपोषणाची श्रेणी यांवर जो प्रशासकीय भर दिला होता, त्याचा विस्तार या मिशनने केला. पहिली दोन वर्षे हे त्याचे लक्ष्य होते. २००५-०६ मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे ३९ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती, आणि २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे आढळले. मिशनसाठी वेगळा निधी फारसा नव्हता. आहे त्याच यंत्रणेकडून वेगळे काम करून घेतले गेले. ही घट एकट्या मिशनमुळे झाली असे म्हणता येणार नाही, परंतु प्राधान्य बदलल्याने फरक पडतो याचा तो पुरावा आहे.

याच सुमारास देशपातळीवर न्यायालयाने योजनेचे स्वरूप बदलले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या २००१ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी अंगणवाडीच्या सेवा हा प्रत्येक बालकाचा हक्क ठरवला आणि प्रत्येक वस्तीत केंद्र उघडण्याचा आदेश दिला. २००४ मध्ये आहार पुरवठ्यातून ठेकेदारांना वगळण्याचा आदेश झाला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने किमान १४ लाख अंगणवाड्यांचे लक्ष्य ठरवले आणि चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास केंद्र देण्याचे बंधन घातले. हक्क ठरल्यावर खर्चाचा प्रश्न टाळता येईना. २००५-०६ पासून केंद्राने आहाराचा निम्मा वाटा उचलायला सुरुवात केली, आणि २००९-१० पासून उरलेल्या खर्चातील केंद्र व राज्य यांच्या वाट्याचे प्रमाण ९० : १० झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या आहाराला वैधानिक आधार दिला. ठेकेदारीचा प्रश्न मात्र सुटला नाही. महाराष्ट्रात महिला मंडळे आणि बचत गटांच्या नावाने मोठ्या पुरवठादारांना कामे मिळतात, हा आक्षेप पुन:पुन्हा घेतला गेला, आणि २०१६ च्या निविदेच्या अटींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१९ मध्ये त्या अटी रद्द झाल्या.

२०१५ मध्ये हिशेब पुन्हा फिरला. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला आणि त्याची भरपाई म्हणून केंद्राने समाजक्षेत्रातील योजनांवरचा स्वतःचा खर्च आवरता घेतला. २०१४-१५ च्या अर्थसंकल्पात अंगणवाडी योजनेसाठी १८ हजार कोटींहून अधिक तरतूद होती, ती २०१५-१६ मध्ये ८ हजार कोटींच्या घरात आली. टीकेनंतर वर्षभरात ती वाढवावी लागली, पण वाटणी कायमची बदलली: सर्वसाधारण खर्चासाठी ६० : ४०, नियमित कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी केंद्राचे केवळ २५ टक्के, आणि आहारासाठी पूर्वीप्रमाणेच निम्मे-निम्मे. तत्त्वतः राज्यांना अधिक पैसा आणि अधिक स्वातंत्र्य मिळाले. प्रत्यक्षात लहान मुलांचा खर्च ज्या खात्याकडे आहे, त्याला राज्याच्या अर्थसंकल्पात रस्ते, पाटबंधारे आणि कर्जमाफी यांच्याशी स्पर्धा करावी लागते, आणि सहा वर्षांखालच्या नागरिकाच्या बाजूने बोलणारा मतदारसंघ कुठेही नाही.

महाराष्ट्राने या काळात स्वतःच्या पैशातूनही काही केले, हे नोंदवले पाहिजे. २०१५ मध्ये आदिवासी भागात सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एकदा पूर्ण गरम जेवण दिले, आणि पुढे मुलांना अंडी किंवा केळी देण्याची सोय झाली. मानधनाबाबतही केंद्राच्या रकमेत राज्याने भर घातली. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचे मानधन ४,५०० रुपये केले आणि त्यानंतर अनेक वर्षे ते तेथेच थांबले. राज्याने २०२३ मध्ये एकूण रक्कम १०,००० रुपयांपर्यंत नेली. या रकमेत केंद्राचा वाटा २,७०० रुपयांचा, म्हणजे ४,५०० च्या ६० टक्के, होता. ही वाढ सहज मिळालेली नाही. २०१७ मध्ये राज्यभर दीर्घ संप झाला, मार्च २०१८ मध्ये सेविकांना मेस्मा या अत्यावश्यक सेवांतील संपाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली आणण्याचा निर्णय विधिमंडळातील गदारोळानंतर स्थगित करावा लागला, आणि ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवसांचा संप झाला. २०२४ मध्ये मानधन आणखी वाढले.

आहाराच्या दराची कहाणी याहून कठोर आहे. केंद्राने ठरवलेला प्रत्येक बालकामागचा दैनिक दर २००८ मध्ये ४ रुपये, २०१२ मध्ये ६ रुपये आणि २०१७ मध्ये ८ रुपये झाला. तीव्र कुपोषित बालकासाठी तो २०१७ मध्ये १२ रुपये ठरला. त्यानंतर डाळी, तेल आणि गॅस यांच्या किमती वाढत गेल्या, तरी हा दर तसाच राहिला. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात दर योग्य प्रमाणात वाढवण्याची घोषणा झाली. २०२१ पासून सक्षम अंगणवाडी व पोषण २.० या नावाने चालणाऱ्या एकत्रित योजनेची तरतूद २०२१-२२ मध्ये सुमारे २०,१०० कोटी रुपये होती आणि २०२५-२६ मध्ये ती २१,९६० कोटी होती. चार वर्षांतली ही वाढ महागाईच्याही मागे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे ३४.४ आणि ३५.२ टक्के, तर उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्यांचे दोन्ही वेळा २५.६ टक्के होते. २०१२ नंतरची प्रगती थांबली, हे या आकड्यांतून दिसते.

दरम्यान २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वयोगटाला शालेय रचनेच्या पायाभूत टप्प्यात आणले आहे. म्हणजे बोर्डी-कोसबाडला जे काम मुख्य होते, ते आता धोरणाने अंगणवाडीकडे पुन्हा मागितले आहे. हे काम करायची तीच सेविका, जी सकाळी आहार वाटते, दुपारी गृहभेटी देते आणि पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपवर प्रत्येक मुलाची उंची व वजन भरते. शिक्षणासाठी स्वतंत्र मनुष्यबळ आणि स्वतंत्र तरतूद ६० : ४० च्या वाटणीत कोण उचलणार, याचा निर्णय केंद्र आणि राज्य यांना अर्थसंकल्पात करावा लागेल, आजवर तो शासन निर्णयांच्या सूचनांवर सोडलेला आहे.