विंचू निळा का दिसतो?

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर अंधाऱ्या रात्री अतिनील बॅटरी फिरवली, की जांभ्याच्या फटीत बसलेला काळा विंचू एकदम निळसर-हिरवा उजळून निघतो.

राधानगरीच्या काजव्यांशी याचा काही संबंध नाही. काजवा पोटात रासायनिक क्रिया घडवून स्वतःचा उजेड तयार करतो. विंचवाच्या कवचातले रेणू फक्त बॅटरीचे अतिनील किरण शोषतात. त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेली डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. बॅटरी बंद, की चमकही बंद. ही प्रतिदीप्ती. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफाच्या यंत्राखाली नोटेवरचे आकडे चमकतात, तेही असेच.

विंचवात हे काम मुख्यतः बीटा-कार्बोलीन आणि कुमारिन जातीचे रेणू करतात. ते कवचाच्या बाहेरच्या पातळ थरात असतात आणि इतके टिकाऊ, की स्पिरिटच्या बाटलीत वर्षानुवर्षे ठेवलेला विंचूही चमकतो.

पण विंचवाला याचा उपयोग काय? ओक्लाहोमा विद्यापीठातल्या डग्लस गॅफिन यांच्या गटाने विंचवांचे डोळे झाकून पाहिले. हिरव्या उजेडात डोळे झाकलेले विंचू कमी हलले. अतिनील उजेडात मात्र डोळे झाकल्याने काहीच फरक पडला नाही. म्हणजे अख्खं अंगच अतिनील प्रकाश टिपत असावं आणि आपण उघड्यावर आहोत की आडोशाला, हे त्यावरून विंचवाला कळत असावं. कल्पना झकास आहे, पण माझ्या मते एवढ्यावर निकाल लागत नाही. कवच कडक होताना हे रेणू आपोआप तयार होत असतील, तर चमक हा निव्वळ योगायोगही असू शकतो.

सस्तन प्राण्यांबाबत तर हा संशय आणखी बळावतो. 2020 मध्ये प्लॅटिपस (बदकासारखी चोच असलेला ऑस्ट्रेलियातला सस्तन प्राणी) चमकतो म्हणून गाजावाजा झाला. 2023 मध्ये संग्रहालयांतले 125 जातींचे सस्तन प्राणी तपासले, तर सगळ्यांतच थोडीफार प्रतिदीप्ती निघाली. पांढरे केस, नखं, दात, हाडं यांचा तो गुणच आहे.

बजरीगर पोपटाची (आपल्याकडे दुकानदार त्यालाच लव्हबर्ड म्हणून विकतात) गोष्ट वेगळी. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याच्या डोक्यावरच्या पिवळ्या पिसांना सनस्क्रीन लावून चमक घालवली, तेव्हा जोडीदार निवडताना त्याला कमी पसंती मिळाली.

पठारावर जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही. बॅटरीत काही दिसलं नाही म्हणून दगडाखाली हात घालू नका.