कर्ण्याचे स्पीकर

आतल्या थरथरणाऱ्या पडद्याचा आवाज रुंदत जाणाऱ्या नळीतून, म्हणजे कर्ण्यातून, खोलीत सोडणारे स्पीकर. कर्णा म्हटला की आपल्याला जुना ग्रामोफोन आठवतो. त्यात वीज नव्हतीच. सुईची बारीकशी थरथर खोलीभर ऐकू जाई ती कर्ण्यामुळे.

नेहमीच्या स्पीकरचा कागदी शंकू उघड्या हवेत हलतो. हवा फार हलकी, ती बाजूला सरकते आणि विजेच्या शक्तीपैकी जेमतेम १ टक्क्याचा आवाज होतो. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात हवेला सरकायला जागा नसते, त्यामुळे पडद्याचा जोर तिला पुरेपूर लागतो आणि तोंडाशी पोचेपर्यंत तो खोलीतल्या हवेत मुरतो.

अडचण खर्जाची. ४० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर. तेवढ्या खोल स्वराला पुरेल असा कर्णा घरात मावत नाही. अमेरिकी अभियंता पॉल क्लिपश (१९०४–२००२) यांनी खर्जाचा कर्णा लाकडी पेटीत घडी घालून बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. दोन भिंती आणि जमीन हाच कर्ण्याचा पुढचा भाग झाला. या विषयातली ही सर्वांत देखणी कल्पना म्हणावी लागेल. आर्कान्सा राज्यातील होप या गावी त्यांनी १९४६ मध्ये कंपनी काढली. तिचा ‘क्लिपशहॉर्न’ अनेक दशके बनत आला आहे. समोरून पाहिले तर १५ इंची वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, दिसतच नाही. त्याचा आवाज पेटीच्या दोन्ही बाजूंनी भिंतीलगत बाहेर येतो.

१ वॅटला १ मीटरवर सुमारे १०५ डेसिबेल, ही त्याची कंपनीने दिलेली संवेदनशीलता. साधा स्पीकर ९० चा धरला तरी फरक तीसपट शक्तीचा. म्हणून ३–४ वॅटचा व्हॉल्व्हचा (जुन्या धाटणीच्या काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायरही पुरतो. पण ओढ मोठ्या आवाजाची नाही. पडदा अगदी थोडा हलतो, म्हणून आवाजातली विकृती कमी राहते आणि हळू लावलेले गाणेही मिणमिणत नाही. तबल्याची चाट बोट पडल्या क्षणी उमटते; तानपुऱ्याची जवार गायकाच्या मागे विरून न जाता वेगळी ऐकू येते. रात्री घरचे झोपल्यावर ऐकणाऱ्याला याचे मोल कळते.

दोषही खरे आहेत. कर्ण्याचा आकार चुकला की गाणारा हाताची ओंजळ तोंडाशी धरून गातोय असे वाटते. अँप्लिफायरची बारीक सूंऽऽ सुद्धा लपत नाही. क्लिपशहॉर्नच्या जोडीला तर एकाच भिंतीचे दोन मोकळे कोपरे हवेत. तिथे दार किंवा कपाट असेल, तर आधी खोलीची मांडणी बदलावी लागते.