मागच्या महिन्यातला खोकला भुलीच्या डॉक्टरांना सांगाच

निफाडच्या मावशीचं बेंबीच्या वरच्या हर्नियाचं ऑपरेशन डिसेंबरात नाशिकला ठरलं होतं. द्राक्षं काढणीला यायच्या आत ते उरकायचं होतं. भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "महिन्याभरात ताप, खोकला?" मावशी म्हणाली, "नाही, तसं काही नाही." मी तिच्याकडे बघतच राहिले. तीन आठवड्यांपूर्वी तिला खोकला आणि सणकून ताप आला होता, अँटिबायोटिकचा कोर्सही झाला होता. तारीख पुढे जाईल म्हणून ती लपवत होती. शेवटी मीच सांगितलं.

हा प्रश्न वरवरचा नाही. स्पेनमधल्या कॅटालोनियात 59 रुग्णालयांतल्या 2,464 रुग्णांचा अभ्यास करून 'एरिस्कॅट' नावाची गुणपद्धती तयार झाली. 2010 साली ती प्रसिद्ध झाली. ऑपरेशननंतर न्यूमोनिया होणं, फुप्फुसाचा भाग मिटणं, श्वास अपुरा पडणं यांचा धोका ती सात गोष्टींवरून मोजते: वय, रक्तातला ऑक्सिजन, महिन्याभरातला श्वसनमार्गाचा संसर्ग, हिमोग्लोबिन, चीर कुठे, ऑपरेशन किती तास, आणि ते तातडीचं आहे का.

मावशीचा हिशेब मी करून पाहिला. वय 64, म्हणून 3 गुण. पोटाच्या वरच्या भागातली चीर, 15. ऑक्सिजन 97, हिमोग्लोबिन चांगलं, ऑपरेशन दोन तासांच्या आतलं, त्यांचे शून्य. एकूण 18. 26 च्या खाली धोका कमी समजतात, त्या अभ्यासात अशा 100 जणांत एक-दोघांनाच त्रास झाला. पण त्या तापाचे एकट्याचे 17 गुण! बेरीज 35 झाली आणि मावशी मधल्या गटात गेली. तिथे 100 पैकी सुमारे 13 जणांना त्रास होतो. 45 आणि त्यापुढे सुमारे 42 जणांना. अर्थात हे आकडे गटाचे आहेत, एकट्या माणसाचं भविष्य त्यातून कळत नाही.

असं का होतं? पूर्ण भूल दिली की श्वासाचे स्नायू सैलावतात आणि बहुतेकांच्या फुप्फुसाचा तळ थोडाफार मिटतो. श्वासपटलाजवळ, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या श्वासाच्या स्नायूजवळ, चीर असली की नंतर दुखतं, म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो, कफ आत साठतो. नुकताच संसर्ग होऊन गेला असेल तर श्वासनलिका आधीच चिडलेली असते, ताप उतरला तरी आठवडेच्या आठवडे.

डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. हर्निया अडकलेला नव्हता म्हणून थांबता आलं. तातडीचं असतं तर थांबायला सवडच नव्हती. मधल्या काळात फिजिओथेरपिस्टनी तिला श्वासाच्या व्यायामाचं, तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र दिलं. मावशी जोर लावून त्यात फुंकत होती, बरेच जण हीच चूक करतात. "फुंकायचं नाही मावशी, उसासा घेतल्यासारखं आत ओढायचं आणि गोळी वर धरून ठेवायची," त्यांनी हात धरून दाखवलं. पोटावर उशी दाबून कसं खोकायचं, तेही तेव्हाच शिकवलं.

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मावशी खुर्चीत बसली होती, उशी पोटाशी धरून. पहिली गोळी वर गेली, दुसरी अर्ध्यावर आली. तिने दम घेतला आणि नळी पुन्हा तोंडाला लावली.