कंत्राटदार बदलला, कामगार तोच

नातलग अमेरिकेत असलेल्या मडगाव-म्हापशाच्या घरांतून तिथल्या इमिग्रेशन खात्याची पावती जपून ठेवलेली असते. क्रमांकाच्या सुरुवातीला एलआयएन असेल तर अर्ज नेब्रास्काच्या केंद्रात, ईएसी असेल तर व्हर्माँटच्या, डब्ल्यूएसी असेल तर कॅलिफोर्नियाच्या. या केंद्रांमध्ये टपाल फोडणे, सही आणि फी तपासणे, माहिती संगणकात भरणे, फाईल बांधून बारकोड लावणे अशी कामे वर्षानुवर्षे कंत्राटी कामगारांकडे आहेत. मंजूर की नामंजूर, हे मात्र सरकारी अधिकारीच ठरवतो. बारकोड न वाचता फाईल दुसऱ्या रॅकवर गेली, तर संगणकात ती एकीकडे दिसते आणि असते भलतीकडेच. मग अधिकारी कितीही तत्पर असो, अर्ज अडकतोच.

यातल्या काही केंद्रांतले कंत्राटी कामगार यूई (युनायटेड इलेक्ट्रिकल) या अमेरिकी युनियनमध्ये संघटित आहेत. एकाच इमारतीत कायदे मात्र दोन. सरकारी नोकराला संपाची बंदी आहे. शेजारचा कंत्राटी कारकून खासगी कंपनीचा नोकर, म्हणून 1935च्या कामगार कायद्याने त्याला संपाचा हक्क आहे.

कंत्राटी कामगाराची खरी परीक्षा असते ती कंत्राट संपताना. नवा ठेकेदार कमी दराची निविदा भरतो, आणि दर कमी करायला मजुरीखेरीज फारसे काही हाताशी नसते. 1965च्या सेवा कंत्राट कायद्याने त्या भागातल्या प्रचलित मजुरीची सक्ती केली. 1972च्या दुरुस्तीने त्यात कलम 4(क) घातले: जुन्या ठेकेदाराशी युनियनने केलेल्या करारातली मजुरी आणि लाभ, ठरलेल्या पुढच्या वाढीसह, नव्या ठेकेदारालाही द्यावे लागतात. यात एक मेख आहे. करारावर नुसत्या सह्या होऊन भागत नाही. जुन्या कंत्राटाच्या मुदतीतच तो लागू होऊन त्याप्रमाणे पगार सुरू झालेला असावा लागतो. शिवाय त्याची खबर सरकारी कंत्राट अधिकाऱ्याला वेळेत पोचली पाहिजे. वाटाघाटी लांबल्या की हे संरक्षण हातचे जाते.

दर टिकला तरी नोकरी टिकेलच असे नाही, कारण जुन्याच माणसांना घ्या, असे 4(क) म्हणत नाही. ती सक्ती अध्यक्षीय आदेशांवर हेलकावे खात राहिली: 2009मध्ये आली, 2019मध्ये गेली, 2021मध्ये परत आली, 2025मध्ये पुन्हा रद्द झाली. इमिग्रेशन खाते मुख्यतः अर्जांच्या फीवर चालते, त्यामुळे 2020मध्ये अर्ज घटले तेव्हा 13 हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी बिनपगारी रजेवर जाण्याच्या बेतात होते. ते टळले, पण कात्री कंत्राटांना लागली, आणि अर्जदारांना जास्त थांबावे लागेल हे खात्याने स्वतःच सांगितले.

आपल्याकडे 2008मध्ये पासपोर्ट सेवा प्रकल्प टीसीएसकडे गेला. पणजीतही ‘ए’ काउंटरवर कागद स्कॅन करणारे, फोटो आणि बोटांचे ठसे घेणारे कंपनीचे. ‘बी’ला पडताळणी आणि ‘सी’ला मंजुरी करणारे सरकारी. गोव्यात या रांगेत पोर्तुगीज राष्ट्रीयत्व घेऊन भारतीय पासपोर्ट परत करणारेही येतात, तेव्हा कागदांची गुंतागुंत वाढते.

नोव्हेंबर 2025पर्यंत लागू असलेल्या 1970च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियम 25नुसार थेट नोकरांसारखेच काम असेल तर मजुरीही तेवढीच द्यावी लागे. पण ‘ए’चे सगळे काम कंपनीकडे असल्यावर तुलना करायची कोणाशी? 4(क)सारखा, नव्या ठेकेदाराला जुन्या कराराने बांधणारा आधार आपल्याकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001च्या स्टील ऑथॉरिटी निकालानंतर, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या कामगार संहितेने कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा 20 कामगारांवरून 50वर नेली. छोटे ठेके त्यामुळे कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात.